सूत जुळेपर्यंत

कोल्हापूरच्या राजाराम तलावावर डिसेंबरातल्या एका रविवारी माझी टग काठापासून पन्नास-साठ मीटरवर होती आणि मी तिला मागे घेत होतो. टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ढकलणारी-ओढणारी ती बुटकी, छाती काढून चालणारी बोट. माझी तिची प्लायवुडची नक्कल. लांबी ऐंशी सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट साडेपाच किलो. रिमोटची काडी मागे ओढली तसा मोटरचा आवाज चढला, चांगलाच चढला, आणि बोट मात्र जागच्या जागी. काडी पुढे केली. आवाज तोच, बोट तिथेच. ओझं पाठीवरून उतरलेल्या बैलासारखी मोटर मोकळी पळत होती.

शेजारी गळ टाकून बसलेल्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. “सेल संपला वाटतं,” म्हणाले.

सेल संपला असता तर बरं झालं असतं. पुढचे दोन तास मी वाऱ्याची वाट बघत काठावर बसून काढले. वारा आला, त्याने टग हळूहळू पलीकडच्या बाजूला ढकलली, आणि मी चपला हातात घेऊन चिखलातून तिथवर गेलो. घरी येऊन डेकचं झाकण उघडलं तर आत वाटीभर पाणी, आणि त्या पाण्यात तुरीच्या दाण्याएवढा एक ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला बारीक स्क्रू. मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आणि पंख्याचा शाफ्ट यांना जोडणाऱ्या कपलिंगमधून तो निसटला होता. पुढे जाताना पंखा शाफ्टला आत रेटतो, त्यामुळे ढिल्या स्क्रूवरही सगळं निभावत होतं. मागे घेतल्याबरोबर पंख्याने शाफ्टला बाहेर खेचलं आणि तो दोन सेंटिमीटर मागे सरकून पंखा सुकाणूवर जाऊन अडकला. सुकाणू तिथे नसतं तर पितळी पंखा आणि स्टीलचा शाफ्ट आज राजाराम तलावाच्या तळाशी असते.

तोवर मी कपलिंगकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मोटर निवडताना चार रात्री जागलो होतो. पंख्याची पाती तीन की चार, यावर स्वतःशीच वाद घातले होते. कपलिंग मात्र दुकानात जे मिळालं ते घेतलं होतं, चपलेचा अंगठा घ्यावा तसं.

माझी मोटर ५४० आकाराची, खेळण्यातल्या गाड्यांपासून छोट्या ड्रिलपर्यंत सगळीकडे असते ती. तिच्या शाफ्टचा व्यास ३.१७ मिलिमीटर. हा आकडा बरेच दिवस मला खटकत होता. तीन नाही, साडेतीन नाही, हे सतरा कुठून आलं? कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या लेथवाल्या मिस्त्रींकडे मी जायला लागलो त्यांनी व्हर्नियर लावला, आकडा बघितलाही नाही आणि म्हणाले, “एक सूत हाय की सर ह्ये.”

एक सूत. इंचाचा आठवा भाग. ३.१७५ मिलिमीटर. जगभरच्या दुकानांत ३.१७ म्हणून विकला जाणारा शाफ्ट आमच्या वर्कशॉपच्या भाषेत पहिल्यापासून एक सूतच होता. मिस्त्रींच्या तोंडी सूत आणखी एका अर्थाने येतं. गवंडी दोरी धरतो, सुतार दोरी मारतो, ती रेषा म्हणजे सूत, आणि एखादी गोष्ट त्या रेषेत नसली की ती ‘सुतात न्हाई’. तिसरा अर्थ आमच्या घरात वापरला गेला. तीन महिने मी एकच मोटर काढतोय आणि बसवतोय हे पाहून बायको म्हणाली, “अजून जुळलं नाही का तुमचं सूत?”

नाही जुळलं. ते का जुळत नव्हतं तेच सांगतो.

माझं पहिलं कपलिंग म्हणजे सिलिकॉनच्या नळीचा अडीच सेंटिमीटरचा तुकडा होता. एका टोकात मोटरचा शाफ्ट, दुसऱ्या टोकात पंख्याचा चार मिलिमीटरचा शाफ्ट, दोन्हीकडे बारीक तार आवळलेली. स्वस्त, मुका, आणि इतका मऊ की दोन शाफ्ट एकमेकांकडे तिरपे बघत असले तरी चालतं. लहान मोटरींना हे उत्तम, अजूनही म्हणतो. ५४० ला ते अपुरं पडतं. जोर वाढला की नळी पिळवटते, आणि पंख्याचा शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्यातलं तेल झिरपत झिरपत कपलिंगपर्यंत आलं की शाफ्ट सिलिकॉनच्या नळीत नुसता घसरतो.

पण याच नळीने मला एकदा वाचवलंय, त्यामुळे तिची निंदा करवत नाही. कुणाच्या तरी तुटलेल्या गळाचा नायलॉन दोरा पंख्यात गेला आणि गच्च गुंडाळला. पंखा जाम. नळी घसरली, मोटर मोकळी फिरत राहिली, मी काडी सोडली. घरी येऊन ब्लेडने दोरा कापला, विषय संपला. पुढे पक्कं पितळी कपलिंग बसवल्यावर पुन्हा तसाच दोरा गेला. त्या वेळी काहीच घसरलं नाही. ब्रशची मोटर जाम झाली की ती एरवीच्या कित्येक पट करंट ओढते. तो करंट स्पीड कंट्रोलरमधून गेला आणि डेकच्या फटीतून निळसर धूर आला. तीस रुपयांच्या नळीने जे काम केलं होतं ते या वेळी हजार-बाराशेच्या कंट्रोलरने केलं. आता बॅटरीच्या तारेत फ्यूज आहे. दोरा अडकल्यावर नेमकं काय तुटावं हे आपण आधी ठरवलं नाही तर बोट ठरवते, आणि तिला किमती कळत नाहीत.

नळीनंतर आलं युनिव्हर्सल जॉइंट, दुहेरी, प्लॅस्टिकच्या मधल्या भागाचं आणि पितळी टोकांचं. मॉडेल बोटवाल्यांच्या दुनियेत सगळ्यात जास्त खपणारं हेच असावं. कोल्हापूरकराला याची ओळख करून द्यावी लागत नाही. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नाहीतर जुनी जीप चढाला लागली आणि खालून ‘कट्-कट्’ आली की रस्त्यावरचा माणूसही सांगतो, क्रॉस गेला. तोच क्रॉस, दोन दुबेळक्या फोर्कना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, इथे करंगळीच्या नखाएवढा.

या सांध्याला हूकचा सांधा म्हणतात. रॉबर्ट हूक, शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटलेला तोच, सतराव्या शतकातला. त्याच्या सांध्यात एक खोड आहे. मोटर एकसारख्या वेगाने फिरत असली तरी पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दोन शाफ्टमधला कोन दहा अंश असेल तर ही कमी-जास्त दीड टक्क्याची असते. तीस अंशांवर मात्र वेग एकीकडे तेरा टक्क्यांनी घटतो आणि दुसरीकडे पंधरा टक्क्यांनी चढतो. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला शंभर होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा म्हणजे सेकंदाला दोनशे हिसके. लाकडी बोट ही मुळात पेटीच. हे दोनशे हिसके तिच्या पोटात घुमतात आणि बोट भुंग्यासारखी गुणगुणते. काठावर उभं राहून ते ऐकू येत होतं. मला वाटायचं, वा, काय दणकट आवाज आहे!

दुहेरी सांध्यात ही खोड मोडता येते. पहिला सांधा जेवढा बिघाड करतो तेवढाच दुसरा उलट करून फेडतो. अट अशी की मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे फोर्क एकाच पातळीत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. जीपच्या लांब शाफ्टवर दोन बाण कोरलेले असतात ते याचसाठी, शाफ्ट खोलून परत जोडताना बाणाला बाण लावायचा. माझ्या कपलिंगचा मधला तुकडा दोन भागांचा होता, आणि मी तो जोडताना नव्वद अंशांनी फिरवून जोडला होता. म्हणजे फेडण्याऐवजी कर्ज दुप्पट. हे सापडायला मला सहा महिने लागले. सापडलं ते बाटलीच्या बुचावर टूथपिक टोचून, दोन कागदी फोर्क करून, जेवणाच्या टेबलावर.

फोर्क सरळ केले, गुणगुण निम्म्याने कमी झाली. निम्मी उरली.

याच सुमारास रत्नागिरीला जाणं झालं. मिरकरवाडा बंदरात एका मच्छीमार बोटीवर मेकॅनिक इंजिन बसवत होता. ट्रॉलर नुकताच दुरुस्ती करून पाण्यात उतरवलेला. इंजिनाची फ्लँज, म्हणजे शाफ्टच्या टोकाची जाड चकती, आणि पंख्याच्या शाफ्टची फ्लँज समोरासमोर, आणि हा माणूस त्यांच्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून बघत होता. मी विचारलं, हे जमिनीवर असतानाच का नाही केलं? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. जमिनीवर होडी टेकूंवर उभी असते. पाण्यात पाणी तिला सगळीकडून उचलतं आणि लाकूड जरासं आकार बदलतं. जमिनीवर जुळवलेली रेषा पाण्यात जुळत नाही. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढाच फरक चालतो. चार इंची फ्लँज असेल तर वरची आणि खालची फट यांच्यात चार थाऊंच्या आत. दोन्ही फ्लँज लोखंडी, बोल्टने आवळलेल्या. मध्ये रबर नाही, क्रॉस नाही, काही नाही.

माझ्या ऐंशी सेंटिमीटरच्या प्लायचा आकार पाण्यात बदलत नाही, तेव्हा ते सोडा. पण एस.टी.त बसल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. या माणसाकडे चूक झाकायला काहीच नव्हतं, म्हणून तो चूक काढत होता. माझ्याकडे आधी मऊ नळी होती, मग दोन क्रॉस होते. मी मोटर डोळ्याच्या अंदाजाने चिकटवली होती, बाकीचं कपलिंग सांभाळून घेईल म्हणून. आणि कपलिंगने सांभाळून घेतलंही, बिचाऱ्याने. फक्त त्याची किंमत बॅटरीतून, शाफ्ट ज्यात फिरतो त्या पितळी बुशमधून आणि त्या गुणगुणीतून वसूल होत होती.

आल्याबरोबर अ‍ॅमीटर लावला. सहा व्होल्टच्या बॅटरीवर नुसती मोटर १.६ अँपिअर घेत होती. पंख्याचा शाफ्ट जोडला, बोट पाण्याबाहेरच, पंखा हवेत, तर ३.४. जवळपास १.८ अँपिअर निव्वळ घासाघाशीत. पंख्याचा शाफ्ट बाहेर ओढून काढला. आतलं ग्रीस पांढरं भरलं होतं, ते राखाडी-सोनेरी झालं होतं. ते सोनं म्हणजे बुशचं पितळ. आतल्या बुशचं भोक एका बाजूला अंड्यासारखं लांबट झालेलं.

मग गेलो मिस्त्रींकडे. मला हवं होतं पितळेचं भरीव, पक्कं कपलिंग. एका बाजूला एक सूत भोक, दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. त्यांनी बारा मिलिमीटरचा पितळी गज लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला आणि विचारलं, कुठलं भोक आधी? मी म्हटलं, कुठलंही, मग उलटं धरून दुसरं. ते हसले. “उलटं धरलं की गेलं बगा. तीन जॉचा चक हाय ह्यो, परत धरला की दोन-तीन थाऊ आऊट येणारच. दोन्ही भोकं एकाच सेटिंगला मारायची.” आणि तसंच केलं. बारीक भोक आरपार, मग त्याच बाजूने अर्ध्या लांबीपर्यंत चारचं, मग तुकडा कापून वेगळा. बारीक भोक ३.१ च्या ड्रिलने पाडून एक सुताच्या रिमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, पुरं केलं. ३.२ चं ड्रिल सरळ मारलं असतं तर शाफ्ट आत गेला असता, पण त्याच्याभोवती पोकळी राहिली असती, आणि ग्रब स्क्रू आवळला की शाफ्ट त्या पोकळीत एका अंगाला ढकलला गेला असता. दिसायला घट्ट, फिरताना लंगडं.

हे कपलिंग मी बोटीत कायमचं ठेवण्यासाठी केलं नव्हतं, मोटर बसवण्यासाठी केलं होतं. मोटरचं जुनं बूड, म्हणजे तिची बैठक, पटाशीने उखडलं. दोन्ही शाफ्ट या पितळी तुकड्यात घालून स्क्रू आवळले, त्यामुळे मोटर आपोआप पंख्याच्या रेषेत हवेत लटकली. पितळेला वाकडं चालत नाही. मग तिच्याखाली नवं बूड सरकवून इपॉक्सी भरलं आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी मोटर त्याच सहा व्होल्टवर चालू ठेवून बुडाचे चार स्क्रू एकेक करून आवळले, डोळा अ‍ॅमीटरवर. काटा वर सरकला की स्क्रू ढिला करून खाली कागदाची पट्टी. शेवटी काटा दोनच्या जरा पुढे थांबला. ३.४ वरून २.१. आणि आवाज नाही. खरंच नाही. मी मुलाला बोलावून विचारलं, तुला ऐकू येतंय का काही.

त्यानंतर पितळ काढून तिथे पुन्हा तेच दुहेरी क्रॉसचं कपलिंग लावलं, कारण आता त्याच्याकडे कामच उरलं नव्हतं, आणि ज्याच्याकडे काम नसतं ते झिजत नाही. कुणी म्हणेल, मग पक्कंच का ठेवलं नाही? ठेवलं होतं महिनाभर, निळसर धूर आला तो त्याच महिन्यात. शिवाय उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतून बोट नेली की प्लाय, इपॉक्सी, सगळंच थोडंसं इकडेतिकडे होतं. तेवढ्या इकडेतिकडेसाठी क्रॉस असावा. अर्ध्या-एक अंशासाठी. दहासाठी नाही.

थ्री-डी प्रिंटरच्या सुट्या भागांच्या दुकानात अ‍ॅल्युमिनियमचं, स्प्रिंगसारखे खाप घेतलेलं कपलिंग मिळतं, पाच बाय आठचं. दिसायला देखणं आणि स्वस्त, म्हणून बरेच नवे लोक तेच घेतात. ते सावकाश फिरणाऱ्या स्टेपर मोटरसाठी आहे. पाचच्या जागी सुतासाठी बुश, आठच्या जागी चारसाठी बुश असं करत करत ते जोडलं तरी पंखा सुकाणूला धडकला की त्या खापांवर काय बेतेल याचा विचार करा. मी एक घेतलं होतं. पेपरवेट म्हणून चांगलं आहे. शर्यतीच्या वेगवान बोटींत वेगळंच चालतं, तिथे वळलेल्या तारेचा लवचीक शाफ्ट कोलेट नावाच्या गोल पकडीत धरतात, आणि जोर आला की ती तार आखडून आखूड होते म्हणून मागे तीन-चार मिलिमीटर जागा सोडावी लागते. पण वेग हा माझा प्रांत नाही. टगवाल्यांना घाई नसते.

आता त्या ग्रब स्क्रूविषयी, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. तो गुळगुळीत गोल शाफ्टवर आवळला होता. गोलावर स्क्रूचं टोक रेषेएवढंच टेकतं, हिसके बसले की सुटतं, आणि सुटताना शाफ्टवर असा ओरखडा उठवतं की कपलिंग पुढे निघत नाही. मिस्त्रींनी सांगितलं, कानशीने तिथे सपाट बैठक कर. केली. पण कानस चालवण्याआधी मोटरच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावली, कारण आत चुंबक आहेत आणि लोखंडाचा कीस एकदा तिथे गेला की परत येत नाही. चावीचंही तसंच. एम-फोर ग्रब स्क्रूला दोनची अ‍ॅलन की लागते, एम-थ्रीला दीडची. इंचाच्या संचातली एकसोळांशाची चावी एम-थ्रीत जवळजवळ बसते, म्हणजे १.५९ मिलिमीटर. ती ठोकून बसवली की षट्कोनाचा गोल होतो, मग ड्रिल आणा, शिव्या द्या. मी दोन्ही केलंय.

स्क्रूवर लॉकटाइट, निळं, मध्यम ताकदीचं, एक थेंब. त्याआधी स्क्रू आणि भोक पेट्रोलने धुऊन कोरडं, नाहीतर तेलावर ते धरत नाही. हा थेंब प्लॅस्टिकवर पडू द्यायचा नाही, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात आणि तडा दिसतो तो तलावाच्या मध्यावर. शिवाय शाफ्टवर, बोटीच्या आतल्या बाजूला, बुशला जेमतेम न टेकणारी एक पितळी कॉलर बसवली आहे. कपलिंगने हात सोडला तरी आता शाफ्ट मागे जाणार नाही. बारा मिलिमीटर पितळेचा तुकडा, एक भोक, एक स्क्रू. मिस्त्रींनी पैसेही घेतले नाहीत.

तलावावरच्या दर चार-पाच खेपांनंतर शाफ्ट ओढून पुसतो आणि ग्रीसचा रंग बघतो. पांढरं तर पांढरंच आत भरतो. राखाडी दिसलं तर त्या रविवारी तलाव नाही, अ‍ॅमीटर. क्रॉसच्या पिनांना तेलाचा एक थेंब. कपलिंग दोन बोटांत धरून मागेपुढे हलवतो, कट् वाजलं तर बदलतो. जुनी कपलिंग टाकवत नाहीत. श्रीखंडाच्या एका डब्यात सात पडली आहेत.

मागच्या महिन्यात मिस्त्री नातवाला घेऊन तलावावर आले. इतके महिने कापलेल्या पितळेचं काय होतंय ते बघायचं होतं त्यांना. टग पाण्यात सोडली, एक गोल मारून समोर आणली. ते काठावर उकिडवे बसले, कान तिरका केला. गळवाले आजोबाही होते. बोट समोरून गेली, नुसतं पाणी कापल्याचा आवाज.

“चालू हाय न्हवं?” मिस्त्रींनी विचारलं.

“चालू आहे.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नातवाने रिमोटकडे हात केला, त्याला थांबवून म्हणाले, “थांब की. सर, आता उलटी घ्या बगू जरा.”

मी काडी मागे ओढली, आणि दुसऱ्या हाताने खिशातली दोनची चावी चाचपली.